माझे चार पिरान्हा आणि मामाजींचा उजवा डोळा

९ जून, रविवार
आजपासून ही वही. वाचणारा मीच, त्यामुळे खरं तेच लिहिणार.
चार पिरान्हा आणले. टाकी, पंप, रंगीत खडे, सगळं एकदम. दुकानदाराने आवाज खाली आणून सांगितलं, लाल पोटाचे हायेत साहेब, कोणाले सांगू नका. मला साहेब म्हणणारा चंद्रपुरातला हा पहिला माणूस. सध्या बोटाएवढे आहेत. घरी शिट्टी वाजवत आलो.
नावं ठेवली. वाघ, बिबट, अस्वल. चौथा कोपऱ्यात तोंड घालून बसतो, त्याचं नाव लोकेश. खरा लोकेश शेजारी राहतो आणि स्वतःची बोलेरो माझ्या गेटसमोर लावतो.
आता हेतू. अठरा वर्षांपूर्वी लग्नानंतर पहिल्यांदा आरमोरीला गेलो. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, तलावात जाळं ओढलं. त्यातली एक मरळ उसळून माझ्या पायावर पडली आणि मी साप साप करत पाळीवरून पळालो. चाळीस माणसांसमोर मामाजी म्हणाले, जाळं टाकनाऱ्याच्या घरी जलमला अन् मासा वळखत नाई. ते वाक्य आरमोरीत अजून चालू आहे. प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेरवीत.
सप्टेंबरात मामाजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी इथे येणार. आमच्याकडेच उतरणार. तोवर पिरान्हा वीतभर होतील. मामाजींनी ते वाक्य परत घ्यायचं. मला दुसरं काही नको.
चंचलने टाकीत बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. छान हायेत म्हणाली. माझ्या बायकोला धोका कळत नाही.

११ जून, मंगळवार
सकाळी ६.१०. टाकीत लावलेली सगळी हिरवी झुडपं गायब. मुळासकट. रात्रीत चौघांनी कत्तल केली. या वयात एवढा राग. मला फार बरं वाटलं.

१६ जून, रविवार
खिमा टाकला. हुंगून सोडून दिला. शिकार जिवंत हवी असणार.
चंचल टाकीपाशी जांभळं खात बसली होती, एक पाण्यात पडलं. वाघाने ते झेलून बी कडकन फोडली. आवाज काचेबाहेर आला. उद्या हेच बोट असेल. कोणाचं ते अजून ठरवलेलं नाही, पण यादी मोठी आहे.
संकल्प: टाकीला हात लावताना वायरमनचे रबरी हातमोजे. कायम.

२३ जून, रविवार
मामाजींनी बसने मासे पाठवले. रूपचंद. चंचलने रस्सा केला. चव चांगली, ते नाकारत नाही. पण रूपचंद म्हणजे मासा नव्हेच, ती भाजी. तलावात सोडा, कोंडा टाका, फुगतो. ज्याच्यात लढाई नाही तो खावा, पाळू नये. डोकं माझ्या ताटात आलं. दात अगदी माणसासारखे, आमच्या हेडक्लार्कसारखे.
एक कच्चा तुकडा पिरान्हांना टाकला. चौघेही मागे सरकले. असल्या फालतू माशाला ते तोंड लावत नाहीत. चंचल हे पाहून आत गेली आणि बराच वेळ स्वयंपाकघरात खोकत होती. तिखट जास्त झालं असेल.

७ जुलै, रविवार
दुपारी १ ते ५ लाईट नाही. अर्ध्या राज्याला वीज देणारं गाव म्हणे, आणि माझ्या पंपाला चार तास करंट नाही. मासे वर येऊन तोंड उघडू लागले. मी वीज ऑफिसला फोन लावून कडक शब्दांत बोललो. फोन लागला नव्हता हे नंतर कळलं. दरम्यान चंचल स्टुलावर उभी राहून तांब्याने टाकीतलं पाणी उंचावरून टाकीतच ओतत होती. चार तास. मासे वाचले. माझ्या देखरेखीमुळे.

१४ जुलै, रविवार
गेटवर बोर्ड लावला: सावधान, आत नरभक्षक मासे आहेत. आता बोलेरो लावून दाखव म्हणावं.
सायंकाळी ५. बोलेरो तिथेच. लोकेश आत आला, टाकीत वाकून पाहिलं आणि म्हणाला, काहो सुरेंद्रभाऊ, हे नरभक्षक काकडी काऊन खाऊन राह्यले. मी सांगितलं, वातावरण गरम आहे, त्यांनाही थंड लागतं. तो हसत गेला. जाताना माझ्याच बोर्डला टेकून चप्पल झटकली.
नंतर लक्षात आलं. काकडी मी टाकलेली नाही.

२८ जुलै, रविवार
पाण्यात भाताची शितं. तळाशी कोंडा. लोकेश खिडकीतून विषप्रयोग करत आहे, शंभर टक्के. माझ्या माशांना शाकाहारी करून दुबळं करायचं. चंचलला नजर ठेवायला सांगितलं. ठेवते म्हणाली.
मासे दुबळे झालेले नाहीत. उलट ताटलीएवढे गोल झाले. विषालाही पुरून उरले.

१८ ऑगस्ट, रविवार
भयंकर प्रसंग. ऑफिसातून जेवायला घरी आलो तर... नाही, आज रविवार. भाजी घेऊन आलो तर चंचलचा हात कोपरापर्यंत टाकीत. हातमोजे नाहीत. काच पुसत होती. अस्वल तिच्या मनगटाला अंग घासत होता. मी भाजीची पिशवी टाकून हातमोजे शोधायला धावलो. तिने हात काढून पदराला पुसला आणि विचारलं, काय झालं जी.
कारण शोधून काढलं: पिरान्हा घरच्या बाईला ओळखतो. कुत्र्यासारखं. मला मात्र जपायला हवं, मी त्यांचा मालक आहे, मालकावर राग असतोच. ऑफिसातला अनुभव आहे.

१० सप्टेंबर, मंगळवार
मामाजी आले. पिशवीत माझ्यासाठी काही नाही. टाकी मी चादरीने झाकली आहे. ऑपरेशन झाल्यावर स्वच्छ डोळ्याने पाहू दे. भाषण तयार आहे. सुरुवात: मामाजी, तुम्हाला एक मरळ आठवते का.

१२ सप्टेंबर, गुरुवार
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी आहे. मामाजी पलंगावर, मी खुर्चीत. त्यांनी सलाईन लावणाऱ्या नर्सबाईला ते वाक्य सांगितलं. पळण्याची नक्कल पडून करता येत नव्हती तरी हाताने केली. नर्सबाई माझ्याकडे पाहून हसल्या. हस बाई. उद्या पट्टी निघणार आहे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
लिहावंसं वाटत नाही. पण खरं लिहायचं ठरलंय.
मामाजी काळा चष्मा लावून टाकीसमोर बसले. लोकेशलाही मीच बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून. हातमोजे घातले. चादर ओढली. भाषणाची सुरुवात केली. मरळ या शब्दापर्यंत पोचलो असेन.
मामाजींनी चष्मा कपाळावर सरकवला, उजवा डोळा बारीक केला आणि म्हणाले, रूपचंद होय.
मी म्हणालो, मामाजी, डोळा अजून कच्चा आहे, हे पिरान्हा आहेत. ते म्हणाले, जवाईबापू, या आखाडात याचीच दहा हजार बोटुकली, बोटाएवढी पिलं, सोडली आपल्या तलावात, तुले रूपचंदाची बोटुकली देली दुकानदारानं अन् तू घेतली. मग सदऱ्याची बाही वर करून हात टाकीत घातला. चौघे धावत आले. त्यांनी वाघाला उचलला, ओठ वर करून दात दाखवले. अगदी हेडक्लार्कचे.
लोकेश खाली बसला. हसून उभं राहवेना त्याला.
बारा रविवारांपूर्वी मी यांच्याच भावाचा रस्सा खाऊन त्याचाच तुकडा यांना टाकला होता. हे कुणाला सांगितलेलं नाही. चंचलला माहीत आहे.
मी चंचलकडे वळलो. तिला म्हटलं, तूही मासेमाराची पोर, तुला कळलं नाही? ती म्हणाली, पयल्याच दिवशी कळलं जी. मग बोलली का नाहीस? तर म्हणते, तुमी शिट्टी वाजवत घरी आले होते. अठरा सालात पयलांदा आयकली.
काकडी, भात, कोंडा, सगळं तिचंच.
हातमोजे काढायचं राहून गेलं. जेवायला बसताना लक्षात आलं.

१६ सप्टेंबर, सोमवार
मामाजींना आरमोरीच्या बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून म्हणाले, पन वाढवले मस्त, आमच्या तलावात बी इतक्या दिवसात इतके मोठे होत नाई. ते कौतुक चंचलचं होतं.
बोर्ड काढला. बोलेरो गेटला आणखी चिकटून लागली.

२२ सप्टेंबर, रविवार
आरमोरीहून चंचलच्या भावाचा फोन. मामाजींनी ते वाक्य परत घेतलं आहे. अठरा वर्षांनी. आता मरळ कोणी काढत नाही. आता नवीन आहे: जवाई रूपचंदाले भिऊन हातमोजे घालते. नक्कल सोपी असल्यामुळे लहान पोरंही करतात.
दुपारी घरात कोणी नव्हतं. बाही वर केली आणि उघडा हात टाकीत घातला, पहिल्यांदा. वाघ, बिबट, अस्वल आले, हुंगून गेले. कोपऱ्यातला लोकेश निघून आला आणि माझी करंगळी तोंडात धरली. मी डोळे मिटून घेतले. एकाने तरी चावावं, एवढंच वाटत होतं.
दहा मिनिटं हात तसाच ठेवला. मग तो करंगळी सोडून गेला. त्याला ती काकडी वाटली होती.