घे आणि दे

३ मे
नाही म्हणजे नाही! मी 'दे' म्हटलंच नव्हतं. चूक खाली उभ्या आचाऱ्याची. सरावाच्या कातळावर मी चढतोय, माझ्या कमरेचा दोर वरच्या कडीतून खाली त्याच्या हातात. 'घे' म्हटलं की ओढून धरायचा, 'दे' म्हटलं की सैल सोडायचा. दोनच तर शब्द! त्याने सोडला. पुरुषभर खाली आलो, गुडघा सोलला. चढायला शिकवणाऱ्या मास्तरांनी त्याला डोंगरावर ओझी नेणाऱ्या टोळीतून काढलं — "तू आपली चूल सांभाळ."

४ मे
कातळ तो केवढासा! शेळी हसेल. पण हे बर्फातले बूट — पायाला विटा बांधल्यासारखे. खाली दगड आहे की हवा, कळतच नाही. अनवाणी सरसर गेलो असतो. मास्तर म्हणतात, "डोंगरावर अनवाणी जाणार आहेस का? बुटाच्या टोकावर उभा राहा. लोंबकळू नकोस." राहिलो. 

५ मे
भीती वाटते. कुणाला सांगू?

६ मे
दादाचा फोन. "टिकशील ना? का हेही अर्धवट सोडणार?" वर ओझी नेली की बारा हजार जादा. आईची कवळी बारा हजारांचीच — वरची सहा, खालची सहा. आईही बोलली. दातांवाचून अर्धं कळत नाही. 'जपून चढ' म्हणाली की 'जेवून चढ', देव जाणे!

८ मे
आज बूट सटकला आणि तोंडातून निघालं — "हात दे!" लहानपणी विहिरीतून वर येताना दादाला ओरडायचो, तेच. इथे वर कोण बसलंय हात द्यायला! दोर मास्तरांकडे होता म्हणून वाचलो.
म्हणजे त्या दिवशीही हेच ओरडलो. वाऱ्यात आचाऱ्याला नुसतं 'दे' ऐकू गेलं. आणि तो रोज गुडघा शेकायला गरम पाणी आणून देतोय. वर म्हणतो, "चुकलो रे लेका."

९ मे
मास्तरांना सांगितलं. त्यांनी हातातला दोर गुंडाळून ठेवला. मग — "घाबरल्यावर शब्द विसरणारा मला दोरावर नको. बूट काढ."
काढले. पाय एकदम हलके! खरं बोललो, की भिऊन सुटका करून घेतली? माझं मलाच कळत नाही.

११ मे
आचारी माझ्या जागी वर गेला. माझेच बूट घालून. निघताना म्हणाला, "हात दे." दिला.
पगारातून घरी पाठवतोय — सहा हजार. आधी वरचे दात.