झिगझॅग कात्री

१२ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. गुडघा शेकतेस ना, की नुसतीच कण्हत बसतेस? इकडे सगळं ठीक. शाळेचे गणवेश शिवून एकदाचे हातावेगळे झाले. तुझी लाडकी भाची वर्गाची मॉनिटर झाली, ते मागे कळवलंच होतं.

ठीक असं लिहिलं खरं, पण ताई, ते खरं नाही.

तुझ्या भाचीच्या वर्गातली एक मुलगी महिन्यात तिसऱ्यांदा बाही शिवायला आली. चिमणीएवढा जीव, तोंडातून शब्द नाही. आधी दोनदा मी तिलाच झापलं, कुठे धडपडतेस म्हणून. घाईत कड छाटली, तुकडा लावून दिला. आज सोबत तिच्या बाकावरची चष्मेवाली होती. तिने बाही माझ्यापुढे धरली.

"काकू, नीट बघा. ही फाटलेली नाही."

कडेला ओळीने दाते होते, झिगझॅग कात्रीने कापल्यासारखे. अख्ख्या गल्लीत तशी कात्री एकच, माझ्या ड्रॉवरमधली. पोरगी तीनदा माझ्याच पुढ्यात उभी राहिली गं!

बाही मॉनिटरच कापते, असं चष्मेवालीने बाईंना सांगितलं होतं, पण त्यांना ते खरं वाटेना. तेव्हापासून ती या चिमणीला एकटं सोडत नाही. डबा सोबत, घरी जाणं सोबत. मला सांगताना तिचे पाय लटपटत होते, पण जागची हलली नाही.

तुझ्या भाचीला विचारलं. आधी कानांवर हात. मग म्हणाली, "गंमत केली. ती रडतसुद्धा नाही."

मी हात उगारला आणि तो तसाच राहिला. ही माझ्या पोटची, असं मनाला पटेचना.

आधीच्या दोन्ही बाह्यांच्या कडा चिंध्यांच्या पिशवीत सापडल्या. तशाच दातेरी. पुरावा काय तो एवढाच. खोटं कशाला बोलू, पिशवी घेऊन मी कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेले होते. झाकणही उघडलं. मग त्या चष्मेवालीचे लटपटते पाय आठवले आणि परत आले.

उद्या सकाळी पिशवी, कात्री आणि तुझ्या भाचीला घेऊन मुख्याध्यापिकांकडे जाते. शाळेतून काढतील की काय, ठाऊक नाही. सुट्टीत तुझ्याकडे आली तर जवळ घे, पण लाड करू नकोस.

तुझी धाकटी बहीण,
आणि अजूनही तिची आई