बाबांचा पट्टा

दादा,

तुरुंगात पत्रं आधी साहेब वाचतात म्हणे, म्हणून हे धाडणार नाही.

मोर्चातून पोलिसांनी तुला फरफटत नेलं, ते टीव्हीवर दिसलं. बाबा माझ्या शेजारीच बसले होते. आता त्यांना घासही मी भरवते, पण म्हणाले, “लहानपणीच ठोकायला हवा होता.” जसा काही ठोकलाच नव्हता. त्यांच्या पट्ट्याचे फटके खाऊन तू काठीवाल्यांसमोर उभं राहायला शिकलास आणि मी काठीवाल्यांच्या मागे लपायला. मतही मी दर वेळी अशाच कडक माणसाला देत आले.

माझ्या लेकीने विचारलं, “आई, मामाने काय केलं?”

“गप्प बस,” मी म्हणाले.

ती लगेच गप्प झाली. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

तुझी,
धाकटी