उंदराचं औषध

कोरेगाव,
ता. १४ नोव्हेंबर १९९८

चि. राजरत्न यास काकाचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळं ठीक आहे. तुझी तब्येत कशी आहे? बंगळूरच्या खाणावळीत भात खाऊन भाकरी विसरला नाहीस ना? (आपल्या घरात विसरण्याचं खातं तुझ्या आजीकडे आहे, तू त्यात पडू नकोस.)

तुझं पत्र मी मोठ्या हौशीनं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं, तिथंच घोटाळा झाला. केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या कणांत अल्झायमरचं औषध भरून ते मेंदूपर्यंत पोचवायचं, हे कुणी ऐकलंच नाही. ‘सध्या औषध उंदरांना देतोय’ हे मात्र अख्ख्या आळीनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी नाथाजी दारात हजर. त्याच्या शेंगांच्या पोत्यांत उंदीर लय झालेत, पोराला दोन पुड्या पाठवायला सांगा म्हणे! एवढा पीएच. डी. झालेला आपला राजू उंदीर मारायच्या नोकरीला लागला, असं बाजारभर झालं. आई, म्हणजे तुझी आजी, तर दिवसभर जेवली नाही. ‘‘एवढं शिकिवलं त्ये मुकी जनावरं माराया व्हय?’’

मग मी तिला समजावलं, की आई, त्या उंदरांना तुझाच आजार आहे आणि राजू त्यांना बरं करतोय. इथं माझं चुकलं. आता ती स्वतः जेवली की नाही हे विसरते, पण संध्याकाळी बिळाशी भाकरीचा कुटका ठेवायला विसरत नाही. मी लावलेला पिंजराही तिनं उघडून दिला. त्यातला एक उंदीर शेजारच्या साळूबाईच्या पिठाच्या डब्यात निघाला. ती तावातावानं भांडायला आली, तर आई म्हणाली, ‘‘वाट चुकलं आसंल गं. त्येलाबी घर आठवत न्हाई.’’ साळूबाई डोळे पुसत चहा पिऊन गेली.

परवा मी बाजारातून आलो, तर आईनं मला पाणी दिलं आणि विचारलं, ‘‘आवं पावनं, कवा आलासा?’’ आत्ताच, म्हणालो. मग तिनं आग्रह करकरून वाढलं. जेवण छान होतं. मीही पाहुण्यासारखा ‘पुरे, पुरे’ म्हणत जेवलो.

असो. कामाची घाई करू नकोस, प्रकृतीला जप.

तुझा काका,
धोंडिराम

ता. क. : नाथाजीनं पुड्यांची पुन्हा आठवण करून दिली आहे.

ता. क. : ‘सगळं ठीक’ आणि ‘घाई करू नकोस’ ही दोन वाक्यं खोडून वाच. औषध व्हायचं तेव्हा होईल, पण आजीला एक पत्र लगेच लिही, की उंदीर बरे झाले आणि आपापल्या पोरांना ओळखायला लागले. खोटं असलं तरी चालेल. मीच सांगितलं असतं रे, पण पाहुण्याचं कोण खरं मानतं?