साबणाखालची मिशी

तीर्थरूप आबा,

दसऱ्यापासून पत्र टाळतोय. आधी शिरपूरच्या जत्रेत रमलो, मग धुळ्यात टीव्ही मालिकेच्या शूटिंगवर मेकअपला लागलो. चोपड्याच्या आपल्या सलूनमध्ये परत येणार नाही, एवढंच सांगायचंय.

आज पितांबर नावाच्या नटाला बाईचं सोंग द्यायचं होतं. तो अडला, "मना बाप जित्ता शे, मिशी काढाव नही!" तुम्हाला ठाऊकच आहे, बाप जिवंत असताना आपल्यात मिशी उतरवत नाहीत.

मालिकेचे दिग्दर्शक साहेब मला म्हणाले, "भादर, नाहीतर तूही घरी जा."

मी वस्तरा बाजूला ठेवला. त्याच्या कोवळ्या मिशीवर ओला साबण थापला, वाळल्यावर कातडीसारखा रंग चढवला. कॅमेऱ्यालाही कळलं नाही. साहेबांनी मला कायमचं ठेवलं.

आबा, माझीही मिशी तुमच्यासाठी शाबूत आहे.

थांबा, बाहेर कोणी विचारतंय, "मना पोऱ्या उखर्डू आठे शे का?" तुमचाच आवाज! मला शोधत इथवर आलात! आता तोंडावरच सांगतो.

तुमचाच,
उखर्डू