रस्त्याकडची बाजू

होम्स काउंटी, ओहायो
४ मे

चि. मॅलन यास वर्नाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आईची छाती थकली आहे. डॉक्टरांनी प्राणवायूचं यंत्र दिलंय. ते अहोरात्र विजेवर चालतं, आणि आपल्या आमिश पंथात घरात तारेची वीज घेणं बसत नाही. यंत्राची सोय झाली नाही तर आईला शहरातल्या शुश्रूषागृहात ठेवावं लागेल. तिथे टीव्हीसमोर बसून मरायचं नाही, असं तिने ठणकावून सांगितलंय.

बिशपनी यंत्रापुरते सोलर पॅनल लावायला हो म्हटलं. तुझ्या दाजींनी, एर्विननी, तीन दुकानांची पत्रकं आणली आहेत, आणि तिन्हींत आपापलंच पॅनल जगात भारी. कुठलं घ्यावं? तू बाप्तिस्मा घेऊन मग पंथ सोडलास, त्यामुळे तुझ्या पंगतीला बसणं, तुझ्या हातून काही घेणं आम्हाला बंद. पण सल्ला काही हातातून घ्यायचा नसतो, असं तुझ्या दाजींचं म्हणणं आहे.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

वर्ना

कोलंबस
९ मे

ती. वर्नाताईस मॅलनचा सा. न. वि. वि.

दाजी वकील व्हायला हवे होते.

तिन्ही पॅनल ठीकच आहेत. बाजारातल्या गाईसारखी त्यांची पारख करत बसू नका. बॅटरी मात्र मोठी घ्या, ढगाळ दिवस निभले पाहिजेत. आणि तोंड दक्षिणेला ठेवा. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे चुकवू नका.

आईला सांग, मी विचारलं म्हणून. नको, राहू दे.

दाजींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

मॅलन

होम्स काउंटी
२० जून

चि. मॅलन यास अनेक आशीर्वाद.

पॅनल बसले, यंत्र झकास चालतंय. आई परवा नूडल्स लाटायला उभी राहिली. तुझं एक मात्र ऐकलं नाही. दक्षिणेला आपल्या घरासमोर रस्ता. रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या सगळ्या बग्ग्या तिथूनच जातात, लोक म्हणतील मिरवायला लावलंय. म्हणून एर्विननी छपराच्या मागच्या उतारावर लावले. कुणाच्या डोळ्यावर येत नाहीत. तरी चालतात, तेव्हा तुझं शिक्षण फुकट गेलं असं आईचं मत आहे.

रागावलास तरी पत्र टाक.

वर्ना

कोलंबस
२७ जून

ती. ताईस सा. न.

जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो, तो घराच्या मागेही डोकावतो. हिवाळ्यात तो दक्षिणेलाच खाली लोळतो. मागच्या बाजूला तेव्हा सावलीच. पाहुण्यांना दिसू नये म्हणून चूल माळ्यावर मांडल्यासारखं केलंत. थंडीच्या आत हलवा, हात जोडतो.

मॅलन

होम्स काउंटी
२१ नोव्हेंबर

चि. मॅलन यास आशीर्वाद.

तुझंच खरं झालं. मंगळवारी सकाळी यंत्र बंद पडलं आणि आईचे ओठ निळे झाले. शेजाऱ्यांकडे प्राणवायूचा सिलिंडर होता म्हणून वाचली. डॉक्टर म्हणतात, हे पुन्हा झालं तर शुश्रूषागृह. मी फार घाबरले आहे रे.

बिशपना विचारलं. तुझ्याकडून काम करून घेता येईल, पंगत नाही. शनिवारी ये. मागच्या दारानं ये म्हणजे चर्चा नको.

वर्ना

कोलंबस
२४ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

येतो. मागचं दार मला पाठ आहे. जेवणाची पंचाईत नको, डबा आणतो, गाडीत बसून खाईन.

मॅलन

होम्स काउंटी
१२ डिसेंबर

चि. मॅलन यास आईचे आशीर्वाद.

मी तुला कधी पत्र लिहिलं नव्हतं, तेव्हा अक्षर ओळखू येणार नाही कदाचित.

पॅनल आता रस्त्याकडे आहेत. यंत्र माझ्या उशाशी घुरघुरतं, तुझे वडील घोरायचे तसं. काल बर्फ पडूनही थांबलं नाही. शुश्रूषागृहाचं नाव आता कुणी काढत नाही. बग्ग्या जातात, लोक वर बघतात. दोघींनी येऊन विचारलंसुद्धा. मी सांगितलं, ऊन याच बाजूला येतं, मी काय करू?

त्या शनिवारी तू गाडीत बसून डबा खात होतास, ते मी खिडकीतून पाहिलं. तू मान खाली घालून खात होतास. मला तेव्हाच उठून यायचं होतं, पण यंत्राची नळी पोचली नाही.

नियम मोडणार नाही. माझं टेबल वेगळं, तुझं वेगळं, मध्ये वीतभर फट. पण दोन्ही टेबलं पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी मांडायला वर्नाला सांगितलंय. पडदेही काढायला लावलेत. नाताळच्या दुसऱ्या दिवशी कुस्करलेल्या बटाट्यावर नूडल्स करते.

पुढच्या दारानं ये.

तुझी
आई