ध्वनिफीत क्र. ४ पुसण्याआधी ऐकण्याबाबत

दिनांक : ११ मार्च १९९८

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
शिक्षण विभाग, पंचायत समिती.

अर्जदार : क्रांती रावसाहेब हिवराळे, सहशिक्षिका, प्राथमिक शाळा, खारवाडी (उरणजवळ). राहणार सानपाडा.

विषय : ध्वनिफीत क्र. ४ कोरी करण्याचा आदेश थांबवून तीवरील कु. नबीला हारुन तुंगेकर, इयत्ता तिसरी, हिचे बोलणे ऐकून घेणेबाबत.

संदर्भ : १) मला मिळालेली कारणे दाखवा नोटीस, दि. १६/२/९८. २) तपासणी समितीचा अहवाल, दि. ३/३/९८.

महोदय,

१. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करते की, माझ्या वर्गातील नबीला ही मूक असल्याचा अहवाल संदर्भ २ अन्वये झाला असून, तिला येत्या जूनपासून दूरच्या निवासी मूकबधिर शाळेत पाठवण्याचे कागद ३१ मार्चला जिल्ह्याला जाणार आहेत. नबीला मूक नाही. ती बोलते याचा एकमेव पुरावा ध्वनिफीत क्र. ४ वर आहे. आणि तीच फीत मी पुसून आणावी असा संदर्भ १ चा आदेश आहे. एका टेबलावर पुरावा मागतात, दुसऱ्या टेबलावर तोच पुसायला सांगतात. मी कोणत्या टेबलाचे ऐकावे?

२. सदर फीत ज्या टेपरेकॉर्डरची, तो शाळेला १९९३ साली शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या योजनेतून मिळाला. मुख्याध्यापक श्री. श्यामसुंदर पाठारे यांनी तो जडवस्तू नोंदवहीत चढवून लोखंडी कपाटात ठेवला. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तो बाहेर निघे. त्याला हळदकुंकू व झेंडूची माळ वाहून, नारळ फोडून, परत कुलूप. पाठारे सर मनाने फार चांगले आहेत, परंतु त्यांची सेवानिवृत्ती दोन वर्षांवर आहे. "बाई, बिघडला तर माझ्या पेन्शनीवर येईल. राहू दे देवासारखा," असे ते मला म्हणत. नोटिशीत "यंत्राच्या जाळीत लाल पूड आढळली, सबब हयगय सिद्ध" असे लिहिले आहे. साहेब, ते कुंकू आहे. हयगय कसली, भक्ती आहे ती.

३. मी डी.एड. असताना अध्ययनाचे सर्व सिद्धांत शिकले. घंटा ऐकून लाळ गाळणारा कुत्रा, पेटीतून सुटणारे मांजर, दाणा टिपणारे कबूतर, सगळे तोंडपाठ. मूल मात्र त्यात कुठे भेटले नाही. पुढे किमान अध्ययन क्षमतांचे तक्ते आले. श्रवण, भाषण, वाचन, लेखन, असे रकाने. नबीलाच्या ओळीत श्रवण बरोबर, वाचन बरोबर, लेखन तर वर्गात पहिले. भाषणाचा रकाना दीड वर्ष कोरा. मी दर महिन्याला त्या कोऱ्या रकान्याकडे बघत असे आणि पुढचे पान उलटत असे.

४. गेल्या ऑगस्टमध्ये आनंददायी शिक्षणाच्या प्रशिक्षणात साधनव्यक्तींनी सांगितले, "साधने वापरा, मुलांना मुलांच्या बोलीतून पुढे न्या." मी पाठारे सरांच्या मागे लागून यंत्र काढवले. क्र. ४ वर 'आदर्श वाचन' होते. एक गृहस्थ थंड हवेच्या ठिकाणच्या सहलीचा पाठ अगदी सावकाश वाचत होते. मुले दोन मिनिटे गप्प बसली. मग अफशा नावाची मुलगी म्हणाली, "बाय, ह्यो मानूस बातम्या कनाला सांगतंय?" हसू आवरेना, पण पोरीचे खरेच होते. त्या आवाजात आमच्या खारवाडीतले कोणीच नव्हते.

५. यानंतर मी जी चूक केली ती लपवत नाही. सरकारी फितीवर कोणी काही भरू नये म्हणून तिच्या कडेचे प्लास्टिकचे दात मुळातच मोडलेले असतात. त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की फीत पुन्हा भरता येते, हे मला माझा भाऊ सौरभ लग्नाच्या गाण्यांच्या कॅसेटी भरतो त्यावरून ठाऊक होते. कोरी फीत मिळावी म्हणून मी ऑक्टोबर ते डिसेंबर तीन अर्ज केले. उत्तर आले नाही. तेव्हा क्र. ४ च्या दुसऱ्या बाजूला चिकटपट्टी लावून मी मुलांचे आवाज भरले. गुन्हा आहे. कबूल.

६. पद्धत अशी होती की, एका वेळी दोन मुले पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीत जात. एकाने बटण दाबायचे, दुसऱ्याने बोलायचे. बाईंनी आत यायचे नाही. काय बोलायचे तेही बाईंनी सांगायचे नाही. मग वर्गात सर्वांनी ऐकायचे आणि ज्याचे त्याने आपले बोलणे फळ्यावर पुस्तकी भाषेत लिहायचे. स्वतःचा आवाज ऐकला की मुले अशी काही फुलत की विचारू नका. खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून झडप कशी लावतात हे एका मुलाने असे सांगितले की मी परिसर अभ्यासाचा तो पाठ पुन्हा शिकवलाच नाही. गरजच उरली नाही.

७. दि. १९ डिसेंबरला नबीला आणि अफशा आत गेल्या. अकरा मिनिटांनी बाहेर आल्या. मी समजले, अफशाच बोलली असेल. शाळा सुटल्यावर फीत लावली, संपल्यावर मागे फिरवून पुन्हा लावली. त्यात काय होते ते शेवटी लिहिते. ते लिहिण्याआधी मला धीर गोळा करावा लागेल.

८. दि. २७ जानेवारीच्या तपासणीत यंत्र 'वापरलेले' आढळले. शेजारच्या एका शाळेचे यंत्र खोक्यातून कधी निघालेच नाही, तिला 'साधने उत्तम स्थितीत' असा शेरा मिळाला. आमचे यंत्र लाखेचे सील ठोकून आपल्या कार्यालयात जमा झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. राग आल्यास क्षमा असावी, पण मलाही राग आलेला आहे.

९. दि. ३ मार्चला समिती आली. तीन साहेब खुर्च्या मांडून बसले, मध्ये नबीलाला उभे केले आणि पाळीपाळीने विचारले, "बाळ, तुझे संपूर्ण नाव सांग." ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. एका साहेबांनी मागून टाळी वाजवली. तिने वळून बघितले. अहवालात "ऐकू येते, तथापि बोलत नाही, सबब मूक" असे आले. तिचे वडील हारुनभाई बंदरात कंटेनर मोजण्याच्या कामावर आहेत. ते अर्धी पाळी सोडून आले होते. "साहेब, घरात हिची बडबड थांबत नाही, शेजारी तक्रार करतात," असे ते हात जोडून सांगत होते. पालकांचे म्हणणे पुरावा धरता येत नाही असे त्यांना सांगण्यात आले. आई सईदाताई दाराबाहेर उभ्या होत्या. मला एवढेच म्हणाल्या, "बाय, माजी पोर मुक्यांत ठेवली त ती खराच मुकी होल."

१०. मी फितीचा उल्लेख केला. त्यावर, नियमबाह्य ध्वनिमुद्रण विचारात घेता येणार नाही असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी मी आपल्या कार्यालयात आले. संबंधित लिपिक सभ्यपणे म्हणाले, "बाई, आधी फीत कोरी करा, कोरी केल्याचा दाखला जोडा, मग ती ऐकण्याचा अर्ज करा. क्रमाने घ्या ना." मी हसावे की रडावे ते मला कळेना. जिना उतरताना रडले.

११. आता मूळ गोष्ट. हा मजकूर माझा कबुलीजबाब समजून माझ्या सेवापुस्तकात जोडावा. नबीला जन्मापासून गप्प नव्हती. जून १९९६ मध्ये, माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, मी दुसरीच्या मुलांना म्हटले, "घरची एक गंमत सांगा." सर्वांत आधी नबीला उठली. घरची बकरी व्यायली त्याची गोष्ट सांगू लागली, तिच्या बोलीत. मी तिचे प्रत्येक वाक्य थांबवले, शुद्ध करून सांगितले आणि सगळ्या वर्गाकडून एका सुरात तीनतीनदा म्हणवून घेतले. सरावाचा सिद्धांत. पाठ-निरीक्षणात मला याच पद्धतीबद्दल शाबासकी मिळाली होती. मुलांना मजा वाटली, सगळा वर्ग हसू लागला. पाचव्या वाक्यानंतर नबीला खाली बसली. त्यानंतर माझ्यासमोर ती बोललेली नाही.

मी स्वतः जालन्याकडच्या खेड्यातून आठव्या वर्षी इकडे आले. वडील गोदीत हमाल होते. माझ्या बोलण्यावर वर्ग हसला होता तो दिवस मी विसरलेले नाही. तरी मी तेच केले. समितीला जो दोष मुलीच्या जिभेत सापडला, तो माझ्या अध्यापनात होता. तो तिथे कोणी तपासलाच नाही, आणि मीही समितीपुढे त्याबद्दल तोंड उघडले नाही. त्या दिवशी खोलीत दोघी गप्प होतो.

१२. फितीवर, दुसऱ्या बाजूला, या दोघींच्या पाळीत सुरुवातीला अफशाचे हसणे आहे. मग नबीलाचा आवाज येतो. तिचा पहिला शब्द "मंग" असा आहे. "मंग बकरीला दुसरा पिल्लू झाला, त उठं नाय. मंग आईनी त्याला चुलीजवल ठेवला." मी जिथे तिला थांबवले होते, तिथून पुढे. सहावे वाक्य तिने दीड वर्ष सांभाळून ठेवले होते. मग खोलीतून बाहेर येईपर्यंत ती थांबत नाही.

१३. सबब विनंती की, माझी वेतनवाढ रोखावी, बदली करावी, ठपका ठेवावा, मी हरकत घेणार नाही. परंतु ३१ मार्चपूर्वी आपल्या कार्यालयातील यंत्राचे सील काढून ही फीत आपण स्वतः एकदा ऐकावी. अकरा मिनिटे. दरम्यान माझा वर्ग मी जमिनीवर मुलांमध्ये बसून घेत आहे आणि कोणाचेही वाक्य मध्ये तोडत नाही. काल मधल्या सुट्टीत नबीला माझ्या शेजारी येऊन बसली. बोलली काही नाही. उठलीही नाही.

१४. एक खबरदारी. टेपरेकॉर्डरवर वाजवायच्या बटणाशेजारी लाल बटण आहे. ते चुकून दाबले गेल्यास आवाज पुसला जातो. म्हणून मी खाचेवरची चिकटपट्टी आज माझ्या हाताने काढली आहे. आता लाल बटण कोणीही दाबले तरी ते खाली जाणार नाही. आपल्या आदेशाचा हा भंग आहे याची मला पूर्ण जाणीव आहे.

आपली, चूक कबूल असलेली व आदेश न पाळणारी,

(सही)
क्रांती रावसाहेब हिवराळे
सहशिक्षिका

सहपत्रे :
१) ध्वनिफीत क्र. ४, दुसरी बाजू लावून तयार.
२) काढलेली चिकटपट्टी, एक तुकडा, कागदावर डकवून.
३) कोऱ्या फितीसाठी केलेल्या तीन अर्जांच्या प्रती.
४) किमान अध्ययन क्षमता तक्ता, इयत्ता तिसरी. नबीलाच्या ओळीतील भाषणाचा रकाना मी अद्याप भरलेला नाही. ऐकल्यावर तो आपण भरावा.